वेबसाईटचा उतारा काढा!



तुमच्यापैकी ज्यांना फोनवर सरकारी वेबसाईट उघडायची सवय आहे, त्यांनी आज एक करा. पान उघडलं की बोटानं सारत सारत अगदी तळाला जा. तिथं बारीक अक्षरात बऱ्याचदा एक आकडा दिसतो. ‘एकूण अभ्यागत’ किंवा ‘भेट देणाऱ्यांची संख्या’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि पुढं लाखातला, कधी कोटीतला आकडा. हाच आकडा मग अहवालात जातो, सभेत वाचला जातो, टाळ्या घेतो. इतक्या लाख लोकांनी लाभ घेतला म्हणे! ऐकणारे मान डोलावतात. मीही डोलवायचो. आता डोलवत नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी एक कबुली देतो. मला या यंत्रांचा नाद आहे. कुणाला बैलांचा असतो, कुणाला कुस्तीचा, कुणाला भजनाचा. मला संगणकाचा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुढं काही वर्षांनी ते तालुक्याला आलं, तेव्हापासून मी त्याच्या मागं लागलोय. टेलिफोनच्या तारेतून मोडेम किंचाळायचं, नेटस्केप नावाच्या ब्राउझरमध्ये एकेक चित्र वरून खाली उलगडत यायचं आणि आम्ही तोंड उघडं टाकून बघत बसायचो. ते नेटस्केप गेलं, इंटरनेट एक्सप्लोरर आलं, त्यालाही मायक्रोसॉफ्टनं जून २०२२ मध्ये निरोप दिला. आता बहुतेकांच्या फोनवर क्रोम आहे. माझ्या माळ्यावर बंद पडलेली यंत्रं एवढी साठलीत की मंडळी म्हणतात, ‘एवढ्या पैशात एक म्हैस आली असती.’ त्यांचं चुकत नाही. तेव्हा मी यंत्राच्या विरोधातला माणूस नव्हे, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

काही वर्षांपूर्वी मी हौसेनं गावाची एक छोटी वेबसाईट केली. यात्रेची तारीख, बाजाराचा दिवस, एसटीच्या वेळा, एवढीच माहिती. तळाला आकडा मोजणारं यंत्र बसवलं. रोज सकाळी चहाच्या आधी आकडा बघायचा. हजाराच्या पुढं गेला तेव्हा पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. कोणत्या देशातून किती लोक आले, तेही ते यंत्र दाखवायचं. त्यात अमेरिका बघून मी पारावर छाती फुगवून सांगितलं, ‘आपलं गाव अमेरिकेत बघतात!’

मग एके दिवशी नीट बसून नोंदवही तपासली आणि छाती खाली बसली. अमेरिकेतून येणारी ती माणसं नव्हतीच. गुगलसारख्या शोध लावणाऱ्या कंपन्यांची यंत्रं जगभरची पानं वाचत फिरत असतात, ती माझ्या पानावरूनही फिरून जात होती. उरलेल्यात सगळ्यात मोठा गिऱ्हाईक कोण, तर मी स्वतः! रोज आकडा बघायला म्हणून पान उघडायचो आणि तेवढ्यानं आकडा वाढायचा. गावातल्या ज्या माणसाला एसटीची वेळ हवी होती, तो सरळ स्टँडवर फोन लावत होता.

आता हा आकडा होतो कसा, ते समजून घ्या. अवघड नाही.

तुम्ही पान उघडता म्हणजे तुमचा फोन दूरच्या एका संगणकाला हाक मारतो. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. पण हाक एकच नसते. पानावरचा मजकूर ही एक हाक, मंत्र्यांचा फोटो दुसरी, साहेबांचा फोटो तिसरी, वरची सरकती पट्टी चौथी. पानावर वीस चित्रं असतील तर एका माणसाच्या एका भेटीत एकवीस हाका होतात. या हाकेला इंग्रजीत हिट म्हणतात. म्हणजे वीस फोटो लावले की न बोलावता आकडा एकवीसपट! ‘आमच्या वेबसाईटला इतके लाख हिट्स’ असं कुणी सांगितलं, तर त्यानं माणसं मोजली की फोटो मोजले, हे आधी विचारा.

बरं, हिट सोडून माणसं मोजायला जावं, तर तिथंही घोळ आहे. सर्व्हरला माणूस दिसत नाही, पत्ता दिसतो. मोबाईल कंपन्या एकाच पत्त्यामागं अनेक गिऱ्हाईकं ठेवतात, तिथं शंभर माणसं एक दिसू शकतात. उलट तुमचा फोन एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर गेला की पत्ता बदलतो, मग एकाची दोन माणसं होतात. शिवाय यंत्रांची गर्दी वेगळीच. इम्पर्व्हा नावाच्या कंपनीच्या अहवालाप्रमाणं २०२४ साली जगातल्या वेबवरच्या एकूण वाहतुकीत ५१ टक्के वाहतूक माणसांची नव्हे, यंत्रांची होती. निम्म्याहून जास्त!

एवढ्यावर भागलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. थोडा आकडा फुगला, फुगू दे. मोठेपणा मिरवायला कुणाला आवडत नाही? पण या आकड्यात एक खोट अशी आहे की ती थेट आपल्या घरात येऊन बसते. ती मला आमच्या आक्कानं शिकवली.

आक्का आमच्या भावकीतली. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. दीड एकर रान, त्यात ऊस. मुलगा पुण्याला कामाला. आक्कानं ठिबक करायचं मनावर घेतलं, तेव्हा अनुदानासाठी एका वेबसाईटवर अर्ज भरायचा होता. नाद असलेला माणूस म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मी म्हटलं, ‘आक्का, दहा मिनिटांचं काम आहे.’

पहिल्या दिवशी पानच उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं, पण आधार क्रमांक टाकल्यावर ओटीपी गेला पुण्याला, कारण आधारला नंबर मुलाचा जोडलेला. मुलगा कामावर, फोन खिशात. त्यानं अर्ध्या तासानं आकडे सांगितले तोवर त्यांची मुदत संपलेली. तिसऱ्या दिवशी मुलाला आधी सांगून ठेवलं, ओटीपी मिळाला, अर्ज भरला, सातबारा चढवायला घेतला तर कागद ठरवून दिलेल्या मापापेक्षा मोठा. तो बारीक करून आणेपर्यंत पानानं आम्हाला बाहेर काढलं. पुन्हा पहिल्यापासून. रोज संध्याकाळी आक्का धारा उरकून यायची, उंबऱ्यावर बसायची आणि विचारायची, ‘आलं का रं बाबा त्यातनं?’ सातव्या दिवशी शेवटची तारीख होती. त्या दिवशी सगळ्यांनीच धाव घेतली असणार, कारण संध्याकाळपासून नुसतं चाक फिरत राहिलं. बारा वाजले आणि मुदत संपली.

आक्का मला बोलली नाही. ‘असू दे, पुढच्या वर्षी बघू,’ म्हणाली आणि पदर खोचून उठली. ते वर्ष तिनं पाटानंच पाणी पाजलं. रात्रीच्या पाळीला, बॅटरी घेऊन.

आता हिशोब करा. आम्ही त्या वेबसाईटवर सात दिवस गेलो. दिवसातून तीन-चार वेळा पान उघडलं. म्हणजे आक्काच्या एका अर्जापायी त्या पानाला पंचवीसेक भेटी झाल्या. तळाचा आकडा तेवढ्यानं वाढला. तिचा अर्ज पहिल्या दिवशी पहिल्या दमात गेला असता, तर भेट किती झाली असती? एक!

शेतकरी बंधूंनो, खोट ती हीच. काम झालं नाही की आकडा वाढतो. वेबसाईट जितकी नादुरुस्त, तितका माणूस पुन्हा पुन्हा येणार आणि तितका तळाचा आकडा फुगणार. ज्या आकड्याला टाळ्या पडतात, त्यात आक्काचे हेलपाटे मोजलेले असतात. पूर्वी तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घातले, तर निदान चपला झिजलेल्या दिसायच्या. आता हेलपाटे आहेत तेवढेच, पण ते ‘लाभ’ म्हणून अहवालात जातात.

आपण हे दुसऱ्या कुठल्या धंद्यात चालवून घेतो का? साखर कारखान्याचं घ्या. ट्रॅक्टरच्या फेऱ्या किती झाल्या, यावर उसाचा हिशोब होत नाही. गाडी काट्यावर जाते, टनेज निघतं. पण टनेजवरही भागत नाही, पुढं उतारा काढावा लागतो. शंभर किलो उसातून साखर किती किलो निघाली, ते बघतात. आपली एफआरपीसुद्धा १०.२५ टक्के उतारा पायाला धरून ठरते आणि वरच्या प्रत्येक टप्प्याला दर वाढतो. डेअरीतही तेच. कॅन किती आले यावर बिल नाही. फॅट आणि एसएनएफ लागतं. पाणी घातलेल्या दुधानं कॅन भरतो, बिल भरत नाही.

मग वेबसाईटचा उतारा का नाही काढायचा? हिट म्हणजे ट्रॅक्टरच्या फेऱ्या. भेट म्हणजे टनेज. आणि शंभर जणांनी अर्ज भरायला घेतला, त्यातल्या किती जणांचा पोचपावतीपर्यंत गेला, तो उतारा. हा तिसरा आकडा तुम्ही कुठल्या वेबसाईटच्या तळाला वाचलाय? मी तरी नाही.

कुणी म्हणेल, हे काढणं अवघड असेल. अजिबात नाही. प्रत्येक सर्व्हर एक नोंदवही ठेवू शकतो आणि बहुतेक ठेवतोच. कुठल्या पत्त्यावरून, किती वाजता, काय मागितलं, हे त्यात ओळीनं असतं. आणि प्रत्येक ओळीपुढं तीन आकडी शेरा असतो. २०० म्हणजे मागितलं ते दिलं. ४०४ म्हणजे असं पानच नाही. ५०० आणि त्यापुढचे शेरे म्हणजे चूक सर्व्हरकडची, गिऱ्हाईकाची नव्हे. त्या शेवटच्या संध्याकाळी आमचं चाक फिरत होतं, तेव्हा त्या नोंदवहीत काहीतरी उमटलं असणारच. अर्ज कितव्या पायरीवर अडला, हेही अर्जाच्या यंत्रणेतून काढता येतं. ओटीपीवर किती अडले, कागद चढवताना किती गळाले, सगळं निघतं. खाजगी दुकानदार वेबवर माल विकतात, ते हाच आकडा रोज बघतात, कारण अर्ध्या वाटेवरून परतलेलं गिऱ्हाईक म्हणजे त्यांचा तोटा. आपण परतलो तर कुणाचा तोटा? फक्त आपला. म्हणून कुणी बघत नाही.

याचा धडा आपल्या भागात फार पूर्वी घालून दिलेला आहे, पण आपण तो विसरलो. १९९८ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला, तो जुन्या मंडळींना आठवत असेल. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तरेक गावं संगणकानं जोडायची योजना होती. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून खर्च उचलला. गावोगावी संगणक आणि प्रिंटर ठेवलेली केंद्रं निघाली. शेतकरी तिथं बसून जगाचे बाजारभाव बघणार, पिकाचा सल्ला घेणार, इंटरनेटवर फिरणार, अशी मोठी स्वप्नं होती. देशभरातून, परदेशातून माणसं बघायला आली.

पुढं काय झालं? मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन केंद्रातल्या केंटारो तोयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावात जाऊन ते बघितलं आणि २००७ मध्ये अहवाल मांडला. त्यांना दिसलं ते असं: संगणकावर प्रामुख्यानं उसाचंच काम चाललं होतं. लागणीची नोंद, तोडीची चिठ्ठी, वजन किती भरलं, खत किती उचललं, बिल किती निघालं. जगभर फिरायला कुणी येत नव्हतं. मग त्यांनी सात गावांत एक प्रयोग केला. संगणक बाजूला ठेवून साध्या मोबाईलवरून एसएमएसनं तीच माहिती मिळायची सोय केली. आठ महिने चालवून बघितलं. ती सोपी पडली, लवकर झाली आणि संगणकापेक्षा स्वस्तही पडली.

आता यावर ‘वारणेचा प्रकल्प फसला’ असं म्हणणारे म्हणोत. मी म्हणत नाही. उलट शेतकऱ्याला काय हवं, ते वारणेनं स्वच्छ दाखवून दिलं. शेतकऱ्याला वेबवर हिंडायचं नसतं. त्याला एक प्रश्न असतो आणि एक उत्तर हवं असतं. माझा ऊस किती भरला? माझं बिल कधी जमा होणार? उत्तर मिळालं की तो फोन खिशात घालून रानाकडं जातो. तो पानावर थांबत नाही, यातच त्या पानाचं यश आहे. तोयामांनी पुढं २०१५ साली एक पुस्तकही लिहिलं. त्याचा गाभा एवढाच की यंत्र माणसाच्या मूळच्या ताकदीला मोठं करतं, नसलेली ताकद आणत नाही. आपल्या भाषेत सांगायचं, तर आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार?

चांगलंही सांगितलं पाहिजे. २०१८ पासून डिजिटल सही असलेला सातबारा घरबसल्या पंधरा रुपयांत मिळतो. तलाठ्याच्या, आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, दाराशी त्यासाठी थांबावं लागत नाही. पैसे भरले, उतारा निघाला, काम संपलं. अशी सेवा बघितली की माझ्यासारख्या नादिष्टाला बरं वाटतं. यंत्र कामाचं असतं ते असं. म्हणून तर म्हणतो, होण्यासारखं आहे, फक्त मोजायचं काय ते बदला.

आणि आणखी एक. पान किती जड आहे, तेही बघा. जुन्या फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. आज जगातलं साधारण मधलं वेबपान दोन एमबीच्या वर गेलंय, म्हणजे एक पान एका फ्लॉपीत मावत नाही. शहरातल्या कचेरीत वायफायवर बसून पान तपासलं, तर ते पळतच येणार. ते तपासायचं असेल तर साहेबांनी आमच्या रानात यावं, बांधावर उभं राहावं, पाच-सहा हजारांच्या फोनवर एक काडी नेटवर्कवर तेच पान उघडून दाखवावं. चहा आमच्याकडं.

मग करायचं काय? नुसती कुरकुर करून उपयोग नाही.

पहिलं, शेतकऱ्यांनी. अर्ज अडला की नुसतं ‘साईट बंद हाय’ म्हणून परत फिरू नका. तारीख, वेळ आणि कुठल्या पायरीवर अडलं ते वहीत लिहा. फोनच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. दहा जणांचे असे दहा फोटो एकत्र आले, तर ती तक्रार ‘पडदा फिरत होता’ एवढ्यावर उडवून लावता येत नाही. आधारला कुणाचा नंबर जोडलाय, हेही आजच बघा. मुलाचा असेल आणि मुलगा गावाबाहेर असेल, तर शेवटच्या तारखेची वाट न बघता बदलून घ्या. आक्काचं निम्मं दुखणं तिथंच होतं आणि ते मी आधी बघायला हवं होतं. ती चूक माझी.

दुसरं, माहिती मागा. माहिती अधिकार कायदा २००५ पासून आहे. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांत उत्तर. त्यात ‘वेबसाईटला किती भेटी झाल्या’ हे विचारू नका, तो आकडा ते हौसेनं देतील. असं विचारा: अमुक योजनेचे किती अर्ज सुरू झाले, किती पूर्ण झाले, शेवटच्या तीन दिवसांत सर्व्हर किती वेळ बंद होता? राज्याचा लोकसेवा हक्क कायदाही २०१५ पासून आहे. ज्या सेवा त्यात अधिसूचित आहेत, त्यांना मुदत ठरलेली असते आणि मुदतीत सेवा नाही मिळाली तर अपील करता येतं. ते करा.

तिसरं, सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी. आपल्या हातात राज्याचा सर्व्हर नाही, हे मान्य. पण गावातलं सेवा केंद्र आपल्या डोळ्यासमोर आहे. तिथं एक साधी वही ठेवा. तीन रकाने आखा: किती जण कामाला आले, किती जणांचं त्याच दिवशी झालं, ज्यांचं नाही झालं त्यांचं कुठं अडलं. बास. संगणक नको, अ‍ॅप नको, चाळीस पानी वही आणि पेन. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी बहुधा ग्रामसभा असते. त्या ग्रामसभेत हे तीन आकडे वाचून दाखवा आणि ठराव करून वर पाठवा. एका गावानं पाठवला तर फायलीत जाईल. तालुक्यातल्या सगळ्या गावांनी पाठवला, तर कुणालातरी उघडून बघावाच लागेल.

आणि चौथं, वरच्या साहेब लोकांना विनंती. तळाचा तो आकडा काढू नका, राहू द्या. फक्त त्याच्या शेजारी दुसरा आकडा लावा: मागच्या महिन्यात शंभरातल्या किती जणांचं काम पूर्ण झालं. तो ऐंशी असो नाही तर तीस, जाहीर करा. कारखाना आपला उतारा लपवत नाही, तर सरकारनं का लपवावा?

माझी ती गावची वेबसाईट अजून चालू आहे. तळाचा मोजणारा मी काढून टाकला. एसटीच्या वेळा सगळ्यात वर घेतल्या, फोटो सगळे काढले, पान हलकं केलं. आता किती लोक बघतात, मला माहीत नाही. पण परवा स्टँडवर एक पोरगं म्हाताऱ्या आजीला फोन बघून सांगत होतं, ‘आजी, सव्वापाचची हाय, बस हितंच.’ पान आमचंच होतं.

आक्कानं यंदा पुन्हा अर्ज भरायचं काढलंय. या वेळी नंबर तिच्या स्वतःच्या फोनचा जोडलाय आणि मुदतीच्या पहिल्याच दिवशी बसणार आहोत. एका दमात अर्ज गेला, तर त्या वेबसाईटच्या आकड्यात एकचीच भर पडेल. ती एकच भेट खरी.